तीन पावलांवरून पाहिलेली मारामारी

टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की मी सोफ्यावर बसल्याबसल्या "ब्रेक!" म्हणून ओरडते आणि सासूबाई दचकतात. आमच्या घरातली ही जुनी तक्रार आहे. मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी शालेय, जिल्हा स्पर्धांमध्ये बॉक्सिंगची पंच असते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळा बो, हातात डॉक्टर घालतात तसले पातळ मोजे. एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सिनेमातली मारामारी मला कधी मनापासून आवडली नाही. स्वयंपाकाच्या बाईला हॉटेलातली भाजी आवडत नाही, त्यातलाच प्रकार.

त्यामुळे मागच्या स्पर्धेच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या पंचमंडळातले एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "मॅडम, तुरुंगाचा एक सिनेमा आहे, बघा. मारामारी खोटी वाटली तर पुढच्या स्पर्धेत दिवसभराचा चहा माझ्याकडं," तेव्हा चहा आपलाच असं मी धरूनच चालले होते.

सिनेमाचं नाव 'अ प्रेयर बिफोर डॉन'. दिग्दर्शक फ्रेंच, जाँ-स्तेफान सोव्हेर. 2017 च्या कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांत तो दाखवला होता. गोष्ट खरी आहे. लिव्हरपूलचा बिली मूर नावाचा तरुण थायलंडमध्ये राहतो, व्यसनात अडकतो, पकडला जातो, तिथल्या तुरुंगात जातो आणि तिथं मुए थाई, म्हणजे हातापायांनी लढायचं थायलंडचं बॉक्सिंग, लढायला लागतो. त्यानं लिहिलेलं आत्मकथन 2014 मध्ये आलं, त्यावरून हा सिनेमा. बिलीचं काम जो कोल या इंग्रज नटानं केलंय. बर्मिंगहॅमच्या गुंडांच्या 'पीकी ब्लाइंडर्स' या गाजलेल्या मालिकेत जॉन शेल्बी होता तोच. या कामासाठी त्याला 2018 चं ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्मचं सर्वोत्तम अभिनेत्याचं बक्षीस मिळालं.

पहिल्यांदा बघितला तो रात्री साडेदहाला, लॅपटॉपवर, कानात मुलाचे मोठे हेडफोन घालून. सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या म्हणून हेडफोन. त्या हेडफोननं माझ्यावर उपकार केले, ते पुढं सांगते.

आधी पंच कुठं उभा असतो ते सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं कळणार नाही. प्रेक्षक लांब बसतो आणि त्याला दोन्ही खेळाडू पूर्ण दिसतात, डोक्यापासून बुटापर्यंत. टीव्हीचा कॅमेराही तसाच, जरा उंचावरून. पंच दोघांपासून तीन पावलांवर असतो. तिथून कधीच सगळं दिसत नाही. एकाची पाठ दिसते आणि दुसऱ्याचा अर्धा चेहरा. ठोसा बसला की नाही हे पुष्कळदा डोळ्यांनी कळतच नाही, आवाजावरून कळतं. ग्लोव्हवर बसलेला ठोसा टाळीसारखा वाजतो. पोटात बसलेला वाजत नाही, तिथं श्वास वाजतो. खेळाडू थकला हे मला त्याच्या पायांच्या आधी त्याच्या नाकावरून समजतं. तोंड उघडं पडलं, दातांवरचं गमशील्ड दिसायला लागलं की मी एक पाऊल आणखी जवळ जाते.

या सिनेमाचा कॅमेरा बरोबर तिथं उभा आहे.

छायाचित्रण डेव्हिड उंगारोचं. कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ बिलीच्या मानेमागं नाहीतर खांद्याला चिकटून असतो. तो रिंगमध्ये चढतो तेव्हा आपणही दोरीखालून वाकून आत गेल्यासारखं होतं. समोरचा प्रतिस्पर्धी पुष्कळदा चौकटीबाहेरच असतो. लाथ कुठून आली ते दिसत नाही, बिलीचं शरीर वाकलं एवढंच दिसतं. गर्दी म्हणजे नुसते रंगांचे डाग आणि कल्लोळ. एकेक तुकडा लांबच्या लांब चालतो, मधे कात्री लागत नाही. आणि कात्री लागत नाही म्हणून नटाला दम लपवायला जागाच राहत नाही. हिंदी सिनेमात हिरो एक ठोसा मारतो, कॅमेरा बदलतो, समोरचा उडून टेबलावर पडतो, पुन्हा कॅमेरा बदलतो आणि हिरो केस मागे सारून ताजातवाना उभा. इथं जो कोल पहिल्या मिनिटाला जसा उभा असतो तसा तिसऱ्या मिनिटाला नसतो. हात खाली आलेले असतात. हात खाली येणं हे सोंग काढायला फार अवघड आहे. नट दमल्याचं दाखवताना खांदे पाडतो, मान टाकतो. खरा दमलेला खेळाडू खांदे वर ओढतो, कारण हात वर धरायला दंडात ताकद उरलेली नसते, मग तो खांद्यानं हात उचलून धरतो. कोलचे खांदे कानाला लागलेले दिसले तिथंच मी सुभेदारांचा चहा सोडून दिला.

दुसरी गोष्ट हुकलेल्या ठोशांची. आमच्या सब-ज्युनियरच्या लढतीत मारलेल्या ठोशांपैकी अर्ध्याहून जास्त हवेत जातात, हे कुणालाही मैदानावर येऊन मोजता येईल. सिनेमात मात्र प्रत्येक ठोसा बसतो, कारण हुकलेल्या ठोशाचे पैसे कोण देणार! या सिनेमात ठोसे हुकतात. नुसते हुकत नाहीत, हुकल्यावर तोल जातो, तोल गेला की मिठी पडते, मिठीत दोघं एकमेकांच्या मानेवर लोंबकळतात, श्वास घेतात आणि गुडघे मारतात. मुए थाईत ही मिठी म्हणजे मोठं शास्त्र आहे. आमच्याकडं मी लगेच "ब्रेक" म्हणून त्यांना वेगळं करते, तिकडं मिठीतले गुडघे हाच गुण मिळवायचा हमखास रस्ता. हात, कोपर, गुडघा, पाय, प्रत्येकी दोन, म्हणून आठ अंगांची कला म्हणतात. पूर्ण लढत तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची, मधे दोन-दोन मिनिटं विश्रांती. लढतीआधी डोक्याला मोंगकोन नावाचं कडं बांधून, गुडघ्यावर बसून गुरूला वंदन करतात आणि मग एक संथ नाच करतात. आपल्याकडं पैलवान आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतो, त्याच जातीची गोष्ट.

बॉक्सिंग येणाऱ्या माणसाला मुए थाई का जड जातं, तेही इथं शब्दाविना कळतं. बॉक्सरला वजन पुढच्या पायावर टाकायची सवय. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तिथूनच येतो. मुए थाईवाला त्याच पायाची वाट बघत असतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला नडगी बसली की दोन-तीन लाथांत पाय लाकूड होतो. बिली हातानं चलाख आहे, रागानं तर भरलेलाच आहे, पण त्याचे पाय इंग्लंडचे आहेत. सरावाच्या प्रसंगांत ते पाय हळूहळू बदलतात. कुणी भाषण देत नाही. पॅडवर लाथ, पुन्हा लाथ, पुन्हा लाथ, घाम, शिवी, पुन्हा लाथ. सराव असाच असतो हो. आमच्या मुलींचे पालक विचारतात, "मॅडम, नवीन काही शिकवलंत का?" काय सांगायचं, गेले चार महिने एकच जॅब चाललाय.

आता त्या पॅड धरणाऱ्या माणसाबद्दल. प्रशिक्षकाचं काम करणारा, थोडासा जाडसर, शांत डोळ्यांचा गृहस्थ पडद्यावर आला आणि मी लॅपटॉप थांबवला. चेहरा ओळखीचा. तो सोमलक कामसिंग! 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगच्या फेदरवेट वजनगटाचं सुवर्ण, थायलंडचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. अंतिम फेरीत त्यानं बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोवला हरवलं होतं. आणि हा तोदोरोव म्हणजे ज्यानं उपांत्य फेरीत, पुढं जगप्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरला 10–9 असं हरवलं तो. त्या उपांत्य लढतीचा किस्सा आम्ही पंच लोक एकमेकांना अजून सांगतो: निकाल पुकारला तोदोरोवचा आणि रिंगमधल्या पंचानं हात वर केला मेवेदरचा. ती चित्रफीत मी नव्या पंचांना मुद्दाम दाखवते. निकाल कानानं ऐकायचा, मनानं नाही, हे शिकवायला. असो, विषय भरकटला. सांगायचं असं की सोमलकसारखा माणूस पॅड धरतो तेव्हा त्याला अभिनय करावा लागत नाही. पॅड कुठल्या कोनात, ठोसा येतानाच अर्धा इंच पुढं, आणि पोराचा हात परत हनुवटीशी आला नाही की त्याच पॅडनं गालावर एक चापट, ही सगळी हातातली सवय आहे. ती दोन महिन्यांच्या कार्यशाळेत येत नाही.

हीच गोष्ट बाकीच्या माणसांची. चित्रण नाखोन पाथोम इथल्या एका रिकाम्या झालेल्या जुन्या तुरुंगात झालं आणि कैद्यांच्या कामांसाठी दिग्दर्शकानं खरोखर शिक्षा भोगून आलेली माणसं घेतली. सोव्हेरची ही पद्धतच दिसते. याआधी त्यानं लायबेरियात बालसैनिकांवर सिनेमा केला तेव्हाही लढाईत राहिलेली पोरं घेतली होती. इथं कोठडीत माणसं इतकी दाटीनं पडलेली असतात की कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागेल. सगळ्यांची अंगं गोंदलेली, पाठ, छाती, मान, काहींचे चेहरेसुद्धा. मेकअपवाल्यानं एवढ्या जणांना गोंदायचं म्हटलं असतं तर सिनेमा अजून पूर्ण झाला नसता. पण मला गोंदणापेक्षा त्यांची उभं राहायची तऱ्हा जास्त खरी वाटली. मारामारी होणार असं वाटलं की खोटा गुंड छाती पुढं काढतो. ही माणसं काहीच करत नाहीत. फक्त बोलणं थांबतं आणि दोन-तीन जण जागा बदलतात.

रिंगबाहेरच्या मारामाऱ्या वेगळ्याच आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या हे दिग्दर्शकाचं शहाणपण. रिंगमध्ये तंत्र आहे, घंटा आहे, पंच आहे. कोठडीत काही नाही. तिथं एकावर पाच-सहा जण पडतात. मी शाळेत मैदानावर भांडणं सोडवते, त्यामुळे मला या बाबतीत थोडंफार कळतं: खऱ्या भांडणात कुणी ठोसा नीट मारत नाही. केस, कॉलर, नखं, चावा, ढकलाढकली, आणि पंधरा सेकंदांत संपतं. राग जास्त आणि नेम कमी. बिली एकदा नशेच्या गोळ्यांच्या बदल्यात एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या कैद्यांवर तुटून पडतो, मुसलमान कैद्यांवर. त्या वेळी त्याच्या बॉक्सिंगचा मागमूसही दिसत नाही. दिसतो तो चवताळलेला, घाबरलेला, गोळीसाठी काहीही करायला तयार झालेला माणूस. बघताना लाज वाटते. वाटायलाच हवी, तो प्रसंग टाळ्यांसाठी लिहिलेलाच नाही.

आता हेडफोन. ध्वनी आणि संगीत निकोलस बेकरचं. पुढं बहिरा होत जाणाऱ्या एका ड्रमरच्या सिनेमाच्या ध्वनीसाठी ज्यांना ऑस्कर मिळालं, त्यांतला हा एक. या सिनेमात पार्श्वसंगीत शोधावं लागतं. लढतीत श्वास, पायांची घसट, दोरीचा करकर आवाज, कोपऱ्यातून कुणीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडतोय. आणि तो 'ढिशुम' नाही! ठोशाचा आवाज इथं ओल्या टॉवेलसारखा आहे, जड आणि बुटका. दुसऱ्या दिवशी मी तोच भाग लॅपटॉपच्या साध्या स्पीकरवर लावला तर अर्धी गंमत गेली. सगळा गोंगाट एकसारखा झाला. तेव्हा हा सिनेमा मोबाइल वाटीत ठेवून, भाजी निवडता निवडता बघायचा नाही. हेडफोन लावा.

थायी संवादांना पुष्कळ ठिकाणी खाली भाषांतरच दिलेलं नाही. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या लॅपटॉपचंच काहीतरी बिघडलं, मी सेटिंगमध्ये जाऊन दोनदा खटपट केली. मग लक्षात आलं की बिलीला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. पहिल्या रात्री त्याच्याभोवती माणसं हसतात, ओरडतात, काहीतरी ठरवतात, आणि ते आपल्याबद्दल आहे की नाही हेच त्याला कळत नाही. ही युक्ती सुरुवातीचा पाऊण तास जबरदस्त चालते. बिलीच्या इंग्रजीचंही तसंच. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, माझ्यासारखीला इंग्रजीची अक्षरंही खाली लागतातच.

पण इथूनच माझी तक्रार सुरू होते. भाषा न कळणं बिलीपुरतं ठीक. सिनेमाला मात्र ती माणसं कळायला हवी होती. शेवटपर्यंत बहुतेक थायी कैदी गोंदलेली शरीरंच राहतात. कोण कशासाठी आत आलंय, कुणाच्या घरी कोण आहे, हे अगदी थोड्यांचं कळतं. खरी शिक्षा भोगलेली माणसं गोळा करायची आणि त्यांना बोलू द्यायचं नाही, हे मला पटलं नाही. फेम नावाची एक तृतीयपंथी कैदी आहे, बिलीशी तिचं नातं जुळतं. पॉर्नचानोक माबक्लांग या कलावतीनं ते काम इतकं हळुवार केलंय की ती पडद्यावर आली की सगळ्या सिनेमाचा श्वास खाली बसतो. तिलाही लेखकांनी मधेच सोडून दिलं. बिलीबद्दलही असंच. तो लिव्हरपूलमध्ये कोण होता, थायलंडला का आला, त्याला एवढा राग कशाचा, याचं उत्तर जवळजवळ नाही. काहींना हे आवडेल, मला अपुरं वाटलं.

मधला अर्धा तास गोळी, मार, पश्चात्ताप, पुन्हा गोळी असा गोल फिरतो. याबा म्हणतात त्या गोळीला, मेथॅम्फेटामिन आणि कॅफीनचं मिश्रण. व्यसन तसंच गोल फिरतं हे मला मान्य आहे, माझ्या एका चांगल्या विद्यार्थ्याला तंबाखूनं कसा पोखरला ते मी बघितलंय. तरी तिसऱ्या फेरीला मी घड्याळाकडं पाहिलं. सिनेमा दोन तासांना दोन-तीन मिनिटं कमी आहे, पावणेदोन तासांचा असता तर अजून धारदार झाला असता.

तुरुंगात मुए थाई ही लेखकाची कल्पना वाटेल, म्हणून हे सांगते. थायलंडच्या तुरुंगांत बॉक्सिंग आणि मुए थाई खरोखर चालतं. आमनात रुएनरोएंग तुरुंगात बॉक्सिंग शिकला, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये देशाकडून खेळला आणि 2014 मध्ये आयबीएफ या व्यावसायिक बॉक्सिंग संघटनेचा फ्लायवेट वजनगटातला जगज्जेता झाला. त्याच्याही आधी, 2007 मध्ये, सिरिपोर्न तावीसुक या शिक्षा भोगत असलेल्या मुलीनं तुरुंगाच्या आवारातच झालेल्या लढतीत डब्ल्यूबीसी या तशाच दुसऱ्या संघटनेचा लाइट फ्लायवेट किताब जिंकला. 'सॅमसन सोर सिरिपोर्न' या नावानं ती खेळायची. माझ्या मुलींना मी तिची गोष्ट सांगते, तुरुंगाचा भाग जरा हलक्या आवाजात. या सिनेमात तुरुंगातल्या बायका नाहीत, ते ओघानंच आलं. पण तिच्यावर कुणीतरी सिनेमा काढावा अशी माझी फार इच्छा आहे.

मी स्वतः तुरुंगाच्या आत एकदाच गेलेय. एका सव्वीस जानेवारीला कैद्यांच्या कबड्डीच्या सामन्याला पंच म्हणून. भिंतीच्या आत मैदान अगदी साधं, आमच्या शाळेच्या मैदानापेक्षा सपाटच. एक गोष्ट तेव्हा जाणवली होती आणि हा सिनेमा बघताना ती एकदम आठवली: चढाई करणारा बाद झाला तर बाहेर जाताना तो इकडंतिकडं बघत नव्हता. शाळेतली पोरं बाद झाली की आईकडं, मित्राकडं, निदान माझ्याकडं तरी बघतात, "मॅडम, लागलाच नाही हात!" म्हणून. तिथं कुणी हुज्जत घातली नाही. एकाही निर्णयावर नाही. पंच म्हणून मला तो सगळ्यात सोपा सामना होता आणि घरी आल्यावर रात्री मला झोप लागली नव्हती. सिनेमात बिली रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसतो तेव्हा जो कोलची नजर तशीच आहे, समोर असून कुठंच नसलेली. हे त्याला कुणी शिकवलं की त्या तुरुंगात राहून आपोआप आलं, देव जाणे.

शेवटच्या लढतीबद्दल मात्र पंच म्हणून बोलणार. बिलीच्या पोटात आतून बिघाड झालेला आहे, खेळू नकोस असं त्याला सांगितलेलं आहे, तरी तो उतरतो. तो थकलेला आहे, पोट सांभाळतोय, कोपर खाली ओढून धरलंय. ही खूण कुठल्याही पंचाला कळते. मी असते तर लढत थांबवली असती. बिलीनं मला शिव्या घातल्या असत्या, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या असत्या, आणि सिनेमाचा शेवट गेला असता. पण थांबवलीच असती. आमच्याकडं एट काउंट देताना, म्हणजे खेळाडू पडला किंवा डळमळला की आठपर्यंत मोजताना, त्याच्या डोळ्यांत बघतात. आकडा मोजायचा तोंडानं आणि बघायचं डोळ्यांत, तो आपल्याकडं बघतोय की आपल्या पलीकडं. पलीकडं बघत असेल तर दहापर्यंत जायचंच नाही, तिथंच लढत थांबवायची. हा प्रसंग बघताना मी पहिल्यांदाच हेडफोन काढून ठेवले आणि नुसत्या चित्रावर उरलेली लढत बघितली. ती इतकी खरी आहे की ऐकवेना.

इथं एक इशारा. हा सिनेमा फक्त मोठ्यांनी बघायचा. पहिल्या अर्ध्या तासात कोठडीतला सामूहिक बलात्काराचा प्रसंग आहे, मेलेल्या माणसाच्या शेजारी काढलेली रात्र आहे, ब्लेड आहे, सुई आहे. दिग्दर्शक ते चघळत बसत नाही, पण नजरही वळवत नाही. माझ्या बॉक्सिंगच्या मुलींनी मैदानावर कुणाकडून तरी ऐकून विचारलं, "मॅडम, तो सिनेमा आम्ही बघू?" मी म्हटलं, मतदान करायला लागलात की बघा. आणि ज्यांना हिंदी पद्धतीची बदल्याची मजा हवी, वाईट माणसाला शेवटी आडवा पाडलेला बघायचाय, त्यांनी दोन तास घालवू नयेत. इथं बदला नाही.

सुभेदारांना मी फोन करून सांगितलं की चहा माझ्याकडून. ते म्हणाले, "कोलचे खांदे बघितले का?" म्हणजे त्यांनीही तेच बघितलं होतं.

दुसऱ्यांदा नवऱ्याबरोबर बघितला. त्यांना खेळातलं काही कळत नाही, ते बँकेत आहेत, लढतीच्या वेळी ते मोबाइल बघत होते आणि कोठडीच्या प्रसंगांना उठून पाणी प्यायला गेले. पण अगदी शेवटी, भेटीच्या वेळी बिलीचा बाप समोर येऊन बसतो, तिथं ते मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "हा नट नाही वाटत." नाहीच तो. तो खरा बिली मूर आहे. ज्याची ही गोष्ट तोच आपल्या बापाच्या जागी बसून समोरच्या, आपलंच तरुणपण करणाऱ्या पोराकडं बघतो. दोघंही फारसं बोलत नाहीत. मी हे सांगितल्यावर नवऱ्यानं माझ्या हातातून माउस घेतला आणि तेवढाच प्रसंग मागं नेऊन परत लावला.